अंबाडीची साक्ष

नागपूरच्या मातीत काहीही उगवायचं झालं, तर ते आधी आमच्या मोठ्या मामांची परवानगी घेऊनच उगवतं, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. मामा एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. लागले ते बरण्या धुवायला. पण दाराशी उभं राहून तास ऐकता ऐकता झाडांची लॅटिन नावं त्यांना अशी मुखोद्गत झाली, की नवे प्राध्यापक अडले म्हणजे पुस्तकाऐवजी मामांकडे बघत. छप्पन साली वडिलांचं बोट धरून त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती, आणि 'शिकलं ते लपवायचं नाही' हा वडिलांचा शब्द त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला होता. बाजारात ते वांगी मागत नसत. 'सोलॅनम मेलॉन्जिना, अर्धा किलो' मागत. भाजीवालीही सरावाने 'काटेवालं देऊ का बिनकाट्याचं?' एवढंच विचारी. घरी आलेलं वर्तमानपत्र कुणी वाचायच्या आत त्यात पानं वाळत पडत. ती दाबायला वजन लागे, म्हणून गठ्ठ्यावर सतरंजी टाकून मामा पाहुण्यांना त्यावर बसवत. माझे वडील चांगले भारदस्त, त्यामुळे त्यांचा मान मोठा. ते उठू लागले की मामा म्हणत, "आणखी अर्धा घंटा बसा नं भाऊजी, शेवगा वाळून राहिला." मामी कपाळावर हात मारून घेई.

या मामीची एक चुलत आत्या कुहीजवळच्या खेड्यात राहत असे. आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. बाळंतिणीपासून बैलापर्यंत साऱ्यांना तिचा झाडपाला लागू पडे. तिच्या गाठोड्यात भांगेची पानंही असत; ढोराचं पोट बिघडलं की गुळातून द्यायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मग पंच्याऐंशी साली अमली पदार्थांचा नवा कायदा आला. कायद्याने भांगेचं नुसतं पान आणि गांजा वेगळे धरले होते, पण ते सांगायला खेड्यात कुणी गेलं नाही. गेली ती नुसती भीती. कुणीतरी ठाण्यात चुगली केली, आणि शहरातून नुकतेच बदलून आलेले फौजदार आत्याच्या परसातला हिरवा भारा उपटून, भाऱ्यासकट तिलाही घेऊन गेले.

मी तेव्हा नवाच वकील झालो होतो. "तू वकील हायेस नं? जाय मग," मामी म्हणाली. मामांनी आधी आपल्या विभागप्रमुखांना ठाण्यात येण्याची गळ घातली होती. त्यांनी 'गांजाच्या भानगडीत कॉलेजचं नाव नको' म्हणून हात जोडले. शेवटी मामा आणि मी, दोघंच एसटीने निघालो.

ठाण्यात आत्या बाकावर ताठ बसली होती. मी सनदेचा रुबाब गोळा करून तोंड उघडणार, तोच मामांची नजर टेबलावरच्या भाऱ्यावर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, हे तर हिबिस्कस कॅनाबिनस."

फौजदारांनी मान वर केली. "कॅनाबिस, म्हणजे गांजाच. तुम्हीच म्हणालात."

"बिस नाही साहेब, बिनस."

"लिहून घ्या," फौजदार हवालदाराला म्हणाले.

जन्मभर सांभाळलेल्या लॅटिनने ऐन वेळी दगा दिला होता. मग मामांनी भाऱ्यातलं एक पान तोडून सरळ तोंडात टाकलं आणि दुसरं फौजदारांपुढे धरलं.

"अंबाडी हाये जी ही. खाऊन पाहा. गांजा आंबट नसते."

"अहो, पुरावा आहे तो."

"पुरावा चाखल्याबिगर समजन कसा?"

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिलं. तो इथलाच. "काय हो, तुम्ही ओळखता हे?"

"हो साहेब. बायको भाजी करते नं याची."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेबानं गांजा म्हटलं, तं मले वाटलं गांजाच असन."

फौजदारांनी पान चावलं. त्यांचे दात आंबले ते आम्हाला दिसलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवून त्यांनी आत्याला स्वतः कप दिला आणि सोडून दिलं. सनद माझी होती, पण खटला जिंकला सातवी शिकलेल्या मामांनी. तो अभिमान मी आजही मिरवतो.

आत्या सुटली, पण तिचा झाडपाला सुटला नाही. घरी पोचलो तर तिच्या मुलानेच गाठोडं उकिरड्यावर फेकलेलं. "पुन्हा दारात पोलीस नको," तो म्हणाला. ज्यांची बाळंतपणं तिने काढली, त्या बायाही पोट दुखलं की नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्याची वाट धरू लागल्या. तिच्या ओट्याला कुणी टेकेना. मग मामाच दर रविवारी कुहीला जाऊ लागले. ती एकेक पाला ओळखून गुण सांगे. मामा तो जाड कागदावर चिकटवून खाली सुरेख अक्षरात नावं लिहीत, लॅटिन आणि तिचं, दोन्ही. त्याखाली 'सांगणारी' म्हणून आत्याचा अंगठा. असे शंभरावर कागद झाले.

भांगेचा कागद पुढे आला तेव्हा मात्र तिने हात पदराआड घेतला. "याच्यावर नाही देत मी अंगठा, जवाईबापू. सांगतलं तेवढं खूप झालं." ठाण्यात ताठ बसलेली बाई एका वाळक्या पानापुढे खाली बघत होती. मामांनी आग्रह केला नाही. मोत्यासारखं अक्षर असलेल्या त्या माणसाने शाईत आपला स्वतःचा अंगठा बुडवला आणि तिच्या जागी उठवला.

आता दोघंही नाहीत. कागद कॉलेजच्या कपाटात आहेत. मागे एकदा बघायला गेलो, तर तिथल्या नव्या प्राध्यापिकेने विचारलं, "या एकाच कागदावरचा अंगठा वेगळा आहे. कुणा अडाण्याचा?"

"आमच्या घरातल्या सगळ्यांत जास्त शिकलेल्या माणसाचा," मी म्हणालो, आणि कागद जपून परत ठेवला.