चौथे शील

डॉक्टरांनी दिलेल्या सहा महिन्यांतले आठ दिवस उरले होते. पावसाळा संपता संपता माझ्या पत्नीला, कमलला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बोलणे परत यायचे असेल तर सहा महिन्यांत येईल, पुढे फार आशा धरू नका, असे निर्मल शहरातले डॉक्टर म्हणाले होते. निवृत्तीनंतर आम्ही मुधोळकडच्या आमच्या गावी, तळ्याच्या काठी दोन खोल्या बांधून राहायला आलो होतो. आता फाल्गुन लागला होता. पाणी रोज थोडे मागे सरकत होते आणि काठाच्या काळ्या गाळाला भेगा पडत होत्या. सकाळी ओसरीवरून तेवढेच दिसायचे.

मी तीस वर्षे नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्याच्या चुका शोधणे हे माझे काम होते आणि घरी बसल्यावरही ती सवय सुटली नाही. मी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात शब्द लिहिले: भाकर, पाणी, तांब्या, उशी. रोज दोन वेळा एकेक पुठ्ठा तिच्यासमोर धरायचो. कशालाही तिच्या तोंडून एकच घोगरा आवाज निघायचा. मी मान हलवून पुन्हा तोच पुठ्ठा धरायचो. पुढे ती ओठ मिटून घेऊ लागली, मग तोंड फिरवू लागली. मला तो हट्ट वाटला, आणि मी आवाज चढवू लागलो.

आम्ही बौद्ध. संध्याकाळची वंदना कमलच घ्यायची. गावात विहार नव्हते, म्हणून घरातल्या कोपऱ्यात छोट्या बुद्धमूर्तीसमोर. मी मागे उभा राहायचो, सभेत बातमीदार उभा राहतो तसा. ओठ हलवायचो. ती आजारी पडल्यावर वंदना बंद झाली. पाठ केलेले म्हणणे म्हणजे काही बोलणे नव्हे, असे माझे मत होते, त्यामुळे पुठ्ठ्यांच्या यादीत त्यातला एकही शब्द मी घेतला नव्हता.

पाणी हटले की त्या गाळात लोक टरबूज आणि काकडी लावतात. त्या गाळपेरीची राखण करणारी वाटावी अशी साठीची एक बाई त्या दिवशी दुपार कलताना घागर घेऊन ओसरीशी आली. तिला मी आधी पाहिले नव्हते. माझा पुठ्ठ्यांचा पाठ चालू होता. ती थोडा वेळ पाहत राहिली.

"मास्तर होते का तुमी?"

"नाही. पेपरात होतो."

"मंग काऊन बाईची परीक्षा घेऊन राह्यले? नापास करून पाठोता का तिले माहेरी?"

कमल हसली. अर्धेच ओठ हलले, पण हसली. सहा महिन्यांत मी ते पाहिले नव्हते. बाई न विचारता तिच्याजवळ बसली, पदराने तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि दारातून आत कोपऱ्याकडे पाहू लागली.

"मूर्तीवर धूळ बसली हाय. माय पडली म्हून दिवा बी बंद?"

"ते तीच करायची."

"तिचा हात गेला. तुमचे तं दोनी हायेत."

"मला नीट येत नाही," मी म्हणालो.

"चुकलं तं कोन मारते?"

ती पाणी प्यायली, घागर भरून घेतली आणि बांधाच्या बाजूने निघून गेली. तिचे नाव मी विचारले नाही. दोन दिवसांनी गाळपेरीत गेलो, तेव्हा तिथे दुसरा माणूस राखणीला होता आणि त्याला अशी कोणी बाई ठाऊक नव्हती.

त्या संध्याकाळी मी मूर्ती पुसली, मेणबत्ती लावली आणि कमलची खाट दाराशी ओढली. श्रद्धेपेक्षा शरमेने. त्रिसरण कसेबसे पार पडले. पंचशील सुरू केले. पाचही शीलांचा शेवट सारखाच असतो, फक्त सुरुवात बदलते. तीन झाली. चौथ्याची सुरुवात मला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणत आलो आणि पुन्हा तिथेच अडलो. लग्नाची चाळीस वर्षे मागे उभे राहून मला एवढेही येत नव्हते. आता उठावे असे मनात आले.

"मुसावादा," मागून आवाज आला.

आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ होता. कमलने ते शील शेवटपर्यंत म्हटले आणि मग पाचवेही. मी मागे वळलो नाही. वळलो तर ती थांबेल, अशी भीती वाटली. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे.

नंतर डॉक्टरांना सांगितले. पाठ असलेले शब्द कधीकधी असे शाबूत राहतात, असे ते म्हणाले. ते खरे असेल. ती बाई त्याच दुपारी का आली, आणि मला नेमके तेच शील का आठवले नाही, हे त्यांना विचारण्यासारखे नव्हते. आमच्या धम्मात वर बसून देणारा कोणी नाही. तरीही मला काही मिळाले, आणि ते मी कमावलेले नव्हते, एवढे मी नोंदवून ठेवतो. मला ते शील आठवले असते, तर तिला ते सांगावे लागले नसते. मला ते येण्यापेक्षा न येण्याचाच तिला उपयोग झाला. हे कबूल करायला मला पुष्कळ दिवस लागले.

सहा महिने उलटून गेले. कमल अजून पाणी मागू शकत नाही आणि माझे नावही घेत नाही. पुठ्ठे मी चुलीत घातले. संध्याकाळी मेणबत्ती लावतो, त्या अनोळखी बाईचे मनात आभार मानतो आणि वंदना सुरू करतो. चौथे शील आता मला पाठ आहे. तरी तिसऱ्यानंतर मी थांबतो. कधी ती म्हणते, मग मी तिच्यामागून म्हणतो. पुष्कळदा म्हणत नाही. तेव्हा वंदना तिथेच राहते, आणि मेणबत्ती संपेपर्यंत आम्ही दोघे बसून असतो.