लुदोविनाला इंग्लिश फुटलं त्याची गोष्ट

सामाना नावाच्या खाडीकाठच्या स्पॅनिशभाषी गावात, बंदराच्या धक्क्यावर लुदोविना पारेदेसचा आवाज आधी पोचायचा, बाई मागून. कोळणींशी, पाद्रीबाबांशी, वाटेतल्या कुत्र्याशीही ती बोलायची. नवरा एलिहिओ बोटीचा कप्तान. तो इतका अबोल की लोक म्हणायचे, त्याच्या वाट्याचं बोलणंही हीच बोलून टाकते.

दर हिवाळ्यात खाडीत देवमासे येतात आणि त्यांच्यामागोमाग परदेशी पाहुणे. लुदोविना पाहुण्यांना तरंगण्याची जाकिटं चढवायची, कुणाला बोट लागली की आल्याचा तुकडा चघळायला द्यायची. पण इंग्लिशमधून कुणी काही विचारलं की बाईची दातखीळ बसायची. नुसतं हसून ती माहिती सांगणाऱ्या हान्सेलकडे बोट दाखवायची.

हा हान्सेल लग्न करून सासुरवाडीच्या गावी निघून गेला.

"आता पाहुण्यांना सांगणार कोण?" लुदोविनाने विचारलं.

"तू," एलिहिओ म्हणाला.

"मला कुठे इंग्लिश येतं?"

"गप्प बसता तरी कुठे येतं? त्यापेक्षा इंग्लिश सोपं असेल."

तिने चर्चमागच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. युदेल्का नावाची तरुण मास्तरीण जीव तोडून शिकवायची आणि लुदोविना जीव तोडून भांडायची. "नाइफ लिहिताना आधी के लिहायचा, आणि म्हणताना गिळायचा? मग तो ठेवलाय कशाला, शोभेला?" तिच्या तोंडी स्कूलचं एस्कूल व्हायचं आणि स्ट्राँगचं एस्ट्राँग. बंदरात मोठं जहाज आलंय हे सांगताना ती शिपचं शीप करायची, की आली बंदरात भलीमोठी मेंढी. वय विचारलं तर आपल्या स्पॅनिश रिवाजाने सांगायची, "माझ्याजवळ चोपन्न वर्षं आहेत."

तरी परीक्षेत मार्क चांगले पडायचे. घोडं अडायचं ते तोंड उघडताना. आधी ती मनात स्पॅनिश वाक्य जुळवायची, मग एकेक शब्द उलथवायची, मग तपासायची. तोवर विचारणारा पुढे निघून गेलेला असायचा.

शेवटी युदेल्काच म्हणाली, "बाई, तुम्हाला माझ्याकडून मिळायचं ते मिळालंय. आता तुम्हाला बोलायला माणूस हवं. वाष्तीमावशींकडे जा."

वाष्ती जोन्स ऐंशी पार केलेली. तिचे पूर्वज पिढ्यांपूर्वी अमेरिकेहून जहाजाने इथे येऊन राहिले. त्यांच्या घरात इंग्लिश टिकलं, तशीच भक्तिगीतं आणि नारळाचा पावही. मावशीने लुदोविनाला स्वयंपाकघरात बसवलं आणि पीठ पुढे सरकवलं.

"इथे फक्त इंग्लिश. स्पॅनिश बोललीस की कॉफी बंद."

पहिल्या दिवशी लुदोविना कॉफीवाचून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने मोडक्यातोडक्या इंग्लिशमधून कॉफी मागून घेतली.

"चुकलं ना?" तिने घाबरत विचारलं.

"चुकलं. पण कॉफी मिळाली की नाही?" मावशी म्हणाली. "सुटा शब्द उचलू नकोस, अख्खं वाक्य उचल. 'किती वाजले', 'जरा सरका', 'पाव करपला'. जसंच्या तसं म्हण, आतून सोलत बसू नकोस. आणि घरी गेलीस की कोंबड्यांशी बोल. त्या काही हसत नाहीत."

लुदोविना कोंबड्यांशी बोलली, भांड्यांशी बोलली, एलिहिओशीही बोलली. तो मान डोलवायचा.

हंगामाच्या पहिल्याच फेरीला ती सर्दीने बेजार होती. बोट सुटली. हातात भोंगा धरून, आवाज बसलाय त्याबद्दल तिला माफी मागायची होती. स्पॅनिशमध्ये सर्दी झालेल्या बाईला 'कॉन्स्तिपादा' म्हणतात. ती ठणकावून म्हणाली, "माफ करा, आय ॲम व्हेरी कॉन्स्टिपेटेड."

इंग्लिशमध्ये मात्र त्याचा अर्थ बद्धकोष्ठ. कॅनडाची एक म्हातारी नर्सबाई उठली, पिशवीतून पुडी काढून तिच्या हातात ठेवली आणि खाणाखुणांनी समजावलं: पाण्यातून घे, सकाळी मोकळी होशील.

लुदोविनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कानापर्यंत लाल झाली. मग हसूच फुटलं तिला. नाकाला हात लावून म्हणाली, "नो, नो! इथे. खाली सगळं ठीक!"

सगळी बोट खो खो हसली. नर्सबाई तर डोळे पुसत होती. इतक्यात उजवीकडे देवमाशाची शेपटी वर आली. जुळवायला वेळच नव्हता. लुदोविना ओरडली, "तिकडे बघा, आई आणि पिल्लू! पिल्लू श्वास घ्यायला वर येतं, आई थांबते!" क्रियापदं इकडेतिकडे घसरली, एस्ट्राँग शेपटी एस्ट्राँगच राहिली, पण सगळ्यांच्या माना वळल्या, कॅमेरे उजवीकडे फिरले. एलिहिओने बोट मंद केली आणि बायकोकडे पाहतच राहिला.

त्याला आता काही वर्षं झाली. धक्क्यावरचे तरुण तिच्याकडे सल्ला मागायला येतात. ती त्यांना आधी युदेल्काच्या वर्गात पाठवते, मग कोंबड्यांकडे.

गेल्या हंगामात तिने वाष्तीमावशीला बोटीवर आणलं. जन्म खाडीकाठी गेला, पण मावशीने देवमासा जवळून पाहिला नव्हता. ती टोपी घालून पुढच्या बाकावर बसली आणि परक्या पाहुण्यासारखी इंग्लिशमधून विचारू लागली, "बाई, हे मासे पाण्याखाली गाणं म्हणतात, ते खरं का?"

"खरं आहे," लुदोविना म्हणाली, "पण गातात फक्त नर. बायकांना तेवढी फुरसत नसते."

मावशी इतकी हसली की शेजारच्या पाहुण्याने तिचा दंड धरून ठेवला.