गुडघ्याएवढ्या उंचीचा नळ

कोणाच्याही घरी कामाला गेला, की तो आधी जमिनीवर गुडघे टेकी. पिळदार मिशांचा, पन्नाशीतला हा प्लंबर रांगत स्वयंपाकघरात शिरे आणि हात वर करून पाही: चहाच्या भांड्याचा दांडा हाताला लागतो का, इस्त्रीची वायर लोंबते का. "जरा पोरगं हुतो," म्हणे, आणि मगच पान्याला हात घाली. आमच्या इस्लामपूरच्या गल्लीतले निम्मे सोलर त्यानेच बसवलेले.

त्याचे स्वतःचे मूल भाजून दगावले, म्हणून तो असा, असे गल्लीत आजही सांगतात. साफ खोटे. त्याची दोन्ही मुले धडधाकट आहेत. थोरला फौजेत आहे. स्वतःला चटका बसल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या लेकराची काळजी करतो, हे लोकांना पटतच नाही. तुम्हीही हे पाहिले असेल. मी त्याला एकदा विचारलेच. म्हणाला, "आवं आप्पा, घर बांधताना समदी मोठ्यांचाच हात मोजत्यात. ल्हान हात कोण मोजणार?"

आता माझ्या घराचे सांगतो, कारण तेही लोक चुकीचेच सांगतात.

गच्चीवरचा सोलर आणि पाइप त्यानेच जोडले. बाथरूममधला गरम पाण्याचा नळ मात्र बादलीच्या काठालगत हवा, हा माझा हट्ट. वरून पाणी उडते.

"खाली मी बसवणार न्हाई," तो म्हणाला. "नात दोन वर्साची हाय. दुपारी सोलरचं पाणी लय कडक असतंय."

"कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्सं काढल्यात मी. गरम पाणी तू मला शिकवणार व्हय रं?"

"तुमी वाफ वळखता, आप्पा. पोरगी वळखत न्हाई."

त्याने हत्यारे गोळा केली आणि तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी मी कुपवाडहून दुसरा माणूस आणून नळ खालीच बसवून घेतला.

महिन्याच्या आत, एका दुपारी, नातीने तो नळ फिरवला. डावे पाऊल भाजले. मी टूथपेस्ट घेऊन धावलो. आमचा जुना प्लंबर शेजारच्या गच्चीवर काम करत होता. किंकाळी ऐकून पळत आला आणि त्याने माझ्या हातातली ट्यूब हिसकावून फेकली. "त्ये लावू नका! गार पाणी सोडा!" चांगली वीस मिनिटे तो ओल्या फरशीवर बसून तिचा पाय गार पाण्याच्या धारेखाली धरून होता. "झालंच बाय, झालंच," एवढेच म्हणत होता. मग पाय स्वच्छ फडक्यात सैलसर गुंडाळून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. पाय बरा झाला. घोट्यावर एक डाग तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी न बोलावता येऊन त्याने नळ वर घेतला. 'मी सांगितलं हुतं' हे शब्द त्याने कधीच उच्चारले नाहीत.

गल्लीने मात्र ठरवले, की नळ त्यानेच खाली बसवला होता. माझ्या गच्चीवर त्याला पाइप जोडताना सर्वांनी पाहिले होते ना! ती अफवा मी उठवली नाही, हे खरे. ती मी खोडली नाही, हेही तितकेच खरे. हळूहळू गल्लीने त्याला बोलावणे सोडले. रस्त्यात भेटला, की तो एवढेच विचारी, "पोरीचा पाय कसा हाय, आप्पा?"

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. तेराव्याला कोणीतरी पुन्हा तीच नळाची गोष्ट काढली. तेव्हा मी उभा राहिलो आणि सहा वर्षांपूर्वी सांगायला हवे होते ते सारे सांगितले. आता म्हणतात, म्हातारा मेलेल्याची अब्रू राखायला चूक स्वतःवर घेतोय.

ज्याला तसे वाटते, त्याने माझ्या घरी यावे. जुन्या नळाचे भोक त्या प्लंबरने स्वतः पांढऱ्या सिमेंटने बुजवले आहे. ते बादलीआड आहे. उभ्याने दिसत नाही. गुडघे टेकावे लागतात. मी रोज टेकतो.