सायकलीची साक्ष

काळेवाडीतला आमचा सायकल दुरुस्त करणारा गिऱ्हाइकाकडे बघतच नाही. उद्या मी मुंडकं घरी विसरून गेलो तरी त्याला पत्ता लागणार नाही. विचारायचं ते तो सायकललाच विचारतो. "काय गं, कुठं हिंडून आलीस?" मग साखळीवरचा चिखल नखानं खरवडून स्वतःच सांगतो, "पवनेच्या काठानं गेली व्हती. वाटंत पडली बी." आणि ते शंभर टक्के खरं निघतं!

परवा कंपनीतले चौघे मित्र सोबत होते. रविवारच्या सहलीत पवना धरणापुढचा घाट मी त्यांच्या तासभर आधी कसा चढलो, ते रंगवून सांगत होतो. मागं धावणारे दोन बिबटे दमून बसले, इथवर गाडी आली होती. तेवढ्यात तो माझ्या सायकलकडे वाकला. "काय गं, घाट चढलीस?"

 घाट मी चौघांची नजर चुकवून टेम्पोत बसून चढलो होतो, आणि टेम्पोवाल्यानं बांधलेली सुतळी अजून दांडीलाच होती.

त्यानं ती पाहिली, दातानं तोडली, खिशात घातली. "चढली म्हणती. लय दमलीया बिचारी."

चौघांनी टाळ्या पिटल्या.

आता ती सुतळी त्याच्या दुकानात दारावरच्या खिळ्याला लटकतेय. त्यानं मला वाचवलं की टांगून ठेवलं, काही उमगत नाही. विचारावं तर गडी माझ्याशी बोलतच नाही. काल मात्र सायकलला म्हणाला, "या रविवारी तरी मालक न्हेतील बघ तुला घाटात."

आणि शपथेवर सांगतो, ती "व्हय" म्हणालेलं मलाही ऐकू आलं.