निकिताला सांगण्यापुरते छंद

भीमराव गायकवाडांना छंद लावायचं काम माझ्याकडे आलं, ते त्यांच्या मुलीमुळे. धायरीत आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मी शाळेतून निवृत्त, ते टेलिफोन खात्यातून. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. मग नंबर थेट लागायला लागले, ऑपरेटरला काम उरलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांची बायको हिरा गेली. तेव्हापासून हा माणूस सकाळी नऊला गॅलरीतल्या खुर्चीत बसायचा, तो संध्याकाळीच उठायचा. जशी काही ड्युटीच लागली होती.

निकिता हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. दोन हजार सहा साली तिला अमेरिकेतलं दोन वर्षांचं काम मिळत होतं. "काकू, पप्पांना असं टाकून मी नाही जाणार," ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. "ते कशात तरी रमले, तरच." एकदा नाही म्हटलं की कंपनी पुन्हा विचारत नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी कामाला लागले. नुसती बसून राहिलेली माणसं मला बघवत नाहीत. आधी बॉन्साय झालं. भीमरावांनी त्याला इतकं पाणी घातलं की महिन्यात मुळं कुजली. मग जलरंग. सहा रविवार ते एकच पेरू काढत होते आणि सांगितल्याशिवाय तो पेरू वाटत नव्हता. शेवटी नारायण पेठेत पेटीच्या क्लासला घातलं. तिसऱ्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, "आपण पुढच्या मंगळवारपासून आला नाहीत तरी चालेल. फी मात्र परत मिळत नाही." हे मला सांगताना भीमराव हसले. हिरा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

निकिताला मात्र त्यांनी सांगितलं, पेटी मस्त चाललीय.

"उगाच खोटं कशाला?" मी विचारलं.

"ललिताताई, पोरीचं जाणं अडलंय."

मी गप्प बसले, म्हणजे सामीलच झाले. दर मंगळवारी ते वही घेऊन क्लासला म्हणून निघत, स्वारगेटला दोन तास एसट्या बघत बसत आणि घरी येत. निकिता गेली. गाडीत बसताना मला मिठी मारून म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे." मला लाज वाटली.

रविवारी सकाळी तिचा फोन येई. भीमराव स्पीकर लावत. पेटीवर नवीन काय बसवलं ते भीमराव सांगत, तिकडची मजा ती सांगे. पोहायला जाते, गिटार शिकते, मातीची भांडी करते, मैत्रिणी तर विचारूच नका. मला ऐकून बरं वाटे.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी मी पोहे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. फोन संपल्यावर म्हटलं, "बघा, पोरगी कशी रमलीय."

"नाही हो रमली."

"कशावरून?"

"पस्तीस वर्षं दोन्हीकडचं ऐकलंय मी. 'मजेत आहे' कोण कसं म्हणतं, ते कळतं मला. इतक्या मैत्रिणी म्हणते, पण मागे कधी कुणाचा आवाज नसतो. रिकाम्या खोलीतून बोलते ती. माझ्यासारखीच बसून असते, ताई."

"मग बोलवा की परत!" मी चिडलेच.

"आली तर माझ्यासाठी येईल. नोकरी जाईल आणि मी आहे तसाच राहीन. तिच्या हाती काय उरलं मग?"

एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली, पण घास घेतला नाही. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. हे सगळं मीच तर सुरू केलं होतं. तरातरा घरी आले आणि निकिताचा नंबर फिरवला. आज खरं काय ते सांगूनच टाकायचं, असं ठरवून.

पहिल्याच घंटेला तिने फोन उचलला. "काकू? काय झालं? पप्पा ठीक आहेत ना?" तिचा आवाज थरथरत होता.



"ठीक आहेत गं," मी म्हणाले. "पेटी फार छान वाजवतात हल्ली."

 पलीकडे ती रडायला लागली.

"बरं झालं, काकू," ती म्हणाली. "निदान पप्पा तरी रमले."