सही खरी करणारी बाई

"आता तुमी सांगा, मी काय सांगतलं?"

दारात उभी राहून ती असं विचारायची, आणि उत्तर मिळाल्याशिवाय दारातून हलायची नाही. डाव्या हातात खळीचं डबडं, काखेत नोटिसांची गुंडाळी, उजव्या हाताची बोटं खळीनं पांढरी झालेली. ती आमच्या ग्रामपंचायतीत चपराशी होती. आधी तिचा नवरा तिथं चपराशी होता, तो गेला तेव्हा काम तिच्याकडे आलं. गावात सगळे तिला पंचायतीची बाई म्हणत. तिचं नाव मी लिहीत नाही. विचारल्याशिवाय कोणाचं नाव कागदावर घालायचं नाही, एवढं मला आता कळतं, आणि तेही तिच्यामुळंच.

तुमच्या गावात नोटीस कशी लागते ते तुम्हीही पाहिलं असेल. कागद भिंतीला चिकटतो, मोबाईलमध्ये त्याचा फोटो निघतो, फोटो वर जातो, संपलं. पण ही बाई म्हणायची, "भितीले सांगून काय होते? भीत काय सुनावणीले येते?" मग ती गल्लीगल्ली फिरायची. दारात जायची, नोटीस सांगायची, आणि समोरच्याकडून ती परत म्हणवून घ्यायची.

एकदा पाण्याची टाकी धुवायची होती. उद्या नळ येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. वर्ध्याच्या मंडईत माल पाठवायचा होता, माझं डोकं त्यात. तिनं सांगितलं आणि विचारलं, "आता तुमी सांगा."

मी म्हटलं, "मी काय तुमच्या शाळेत बसलो का?"

"बसले असते तं बरं झालं असतं, भाऊ. चौथी तरी झाली असती."

ती चौथी शिकलेली आणि मी तिसरी. त्या एका वर्गाचा तिनं मला कधी विसर पडू दिला नाही. मी जुड्या बांधत राहिलो. तिनं डबडं खाली ठेवलं, समोर बसली आणि माझ्या ढिगातली मेथी घेऊन जुड्या बांधायला लागली. माझ्यापेक्षा घट्ट बांधत होती. अख्खा ढीग संपला. मी हट्टी आहे हे गावाला माहीत आहे, पण परक्या बाईकडून किती मेथी बांधून घेणार? शेवटी म्हटलं, "उद्या नळ येत नाई."

"काऊन?"

"टाकी धुवून राह्यले म्हणून."

"हां," म्हणाली आणि डबडं उचलून शेजारच्या दारात गेली.

खळ ती घरीच करायची, कणकेची. त्यात एक घोटाळा होता. कणकेच्या वासानं बकऱ्या यायच्या आणि खळीसकट नोटीस चाटून खायच्या. एका नालीच्या कामाची निविदा होती. मुदत संपल्यावर एक ठेकेदार येऊन भांडला, "नोटीस लावलीच नव्हती. कुठं हाये नोटीस, दाखवा मले!" ही शांतपणे म्हणाली, "त्या कबऱ्या बकरीच्या पोटात हाये. वाचता येत असंन तं पाहा." लोक हसले, पण ती हसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ शिजवायला लागली. मग बकऱ्या नोटिशीला तोंड लावायच्या आणि मान झटकून निघून जायच्या.

नोटिशीची भाषा तिला अजिबात पटायची नाही. 'इच्छुक व पात्र कंत्राटदारांकडून सीलबंद निविदा मागविण्यात येत आहेत' असं सचिव तिला एकदा वाचून दाखवायचे. ग्रामसेवकाला आमच्याकडे सचिवच म्हणतात. ही तेवढ्यात पाठ करायची आणि दारात आली की सांगायची, "शाळेमागची नाली बांधाची हाये. ज्याले बांधता येते, त्यानं आपला भाव लिहून पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, अन् सोमवारच्या आत पंचायतीत आणून द्या. सगळ्याईसमोर फोडणार हाये." मला एकदा म्हणाली, "भाऊ, 'कळविण्यात येते' लिवतेत. पण कोण कळवते ते काऊन नाई लिवत?" मला काय माहीत! मी म्हटलं, "तुमीच तं कळवता." त्यावर ती पदर सावरून पुढच्या दाराकडे निघाली. मला वाटतं, तिला ते आवडलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्यात माझी चूक आहे, पण सांगतो.

पंचायतीचा एक पंचनामा असतो. नोटीस अमुक जागी डकवली, ग्रामस्थांना वाचून दाखवली, म्हणून खाली दोन पंचांच्या सह्या. आमच्या वयाच्या माणसांत अंगठेवाले पुष्कळ, आणि माझी सही चांगली आहे. एकटाकी, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. म्हणून पंच म्हटलं की मला बोलावणं यायचं. गेली कित्येक वर्षं मी सह्या करत होतो. सही माझी, वाचायचं काम दुसऱ्याचं, असंच मला वाटायचं. त्यात मला मान वाटत होता हे लपवत नाही.

त्या दिवशी सकाळी सचिवांनी चहाला बोलावलं. कागद पुढं केला. मी चहा प्यायलो, सही केली, टिंबं दिली, घरी आलो.

दुपारी ती दारात. हातात डबडं नव्हतं.

"भाऊ, सही केली म्हणे?"

"केली."

"काय होतं त्याच्यात?"

"होतं काहीतरी पंचायतीचं."

"काहीतरी?" ती म्हणाली. "चला माह्यासंग."

मी नाही म्हणणार होतो. पण तिचं तोंड पाहिलं आणि चपला घातल्या. पंचायतीत सचिव जेवायला गेले होते. दरवाजा उघडा होता. तिनं मला बाहेर उभं केलं आणि दरवाज्याचं पान ओढून बंद केलं. पानाच्या बाहेरच्या अंगाला नोटीस होती. तुम्ही समजून घ्या, कार्यालय उघडलं की ते पान बाहेरच्या भिंतीला टेकतं आणि नोटीस भिंत आणि पान यांच्यामध्ये जाते. कार्यालय बंद असतं तेव्हा तिकडं कोण येतं? फोटो मात्र दार लावून काढला होता.

"मीच डकवली," ती म्हणाली. "साहेब म्हणे हितंच डकवा. दार लावून फोटो काढला तवा मले समजलं. वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. वेळ लागला. आठवडी बाजाराची जागा. तिथं गाळे बांधायचे. बाजार नाल्यापलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला न्यायचा. ज्यांची हरकत असेल त्यांनी सुनावणीच्या दिवशी हजर राहावं. हरकत आली नाही तर संमती समजून गाळ्यांच्या कामाच्या निविदा काढण्यात येतील.

त्या बाजारात, चिंचेखाली, माझ्या बापाची जागा होती. मग माझी झाली. वांगी, मेथी आणि आम्ही सांबार म्हणतो ती कोथिंबीर घेऊन मी तिथं जन्म काढला. माझ्यासारखे पन्नासेक जण आहेत, त्यात निम्म्या बाया. नाल्यापलीकडे उन्हात गावातलं गिऱ्हाईक येणार नाही, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही. आणि मी सही केली होती, की हे सगळ्यांना वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जातो अन् सही खोडतो."

"सही खोडता येत नाई, भाऊ. खाडाखोड केली तं तुमीच फसान." ती म्हणाली. "पण खरी करता येते. त्याच्यात लिवलं हाये, वाचून दाखवली. सुनावणीले तीन दिवस हायेत. दाखवू वाचून."

मागून सचिव आले. त्यांनी ऐकलं होतं. भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "बाई, नोटीस नियमानं लागली. फोटो वर गेला. तुमचं काम झालं. आता घरोघर फिरान तं तुमच्या कामाचं मंग मले पाहा लागंन."

ती म्हणाली, "पाहा ना, साहेब." आणि साडीच्या पदरानं दरवाज्यावरची धूळ पुसून मला म्हणाली, "चला. धाकल्या वेटाळापासून सुरू करू."

तीन दिवस आम्ही वेटाळावेटाळातून, म्हणजे वस्तीवस्तीतून, फिरलो. सकाळी शेतात, कारण भाजीवाले सकाळी घरी सापडत नाहीत. नोटीस दारावरून काढता येत नव्हती, म्हणून तिनं ती पाठ केली होती, आणि कुठं अडली तर मी सांगायचो. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला मान डोलावून "बरोबर" म्हटलं. कांदे विकणारी एक बाई आहे, भारी तोंडाची. ती शेतात ओलित करत होती, पिकाला पाणी सोडत होती. ऐकून म्हणाली, "समजलं समजलं, जा आता."

"सांगा मंग."

"अवो, चिखलात उभी हावो मी!"

"मी बी हावो," पंचायतीची बाई म्हणाली. खरंच होती, घोट्यापर्यंत.

कांदेवालीनं शिव्या देत देत सगळं परत सांगितलं. एकच गोष्ट चुकली, वार. पुन्हा सांगायला लावलं.

माझ्या वयाचा एकजण मला म्हणाला, "अन् तुह्या सहीचं काय रे? तू तं म्हणे सही देऊन बसला." त्याच्यासमोर मान खाली घालायची पाळी आली. ती मध्ये पडली नाही. तिनं मला उत्तर देऊ दिलं. मी म्हटलं, "केली, न वाचता केली. म्हणूनच फिरून राह्यलो." हे वाक्य मला मग दारोदार म्हणावं लागलं. पहिल्यांदा जीभ अडली. पुढं नाही अडली.

सुनावणी शाळेत होती. दहा-बारा खुर्च्या मांडल्या होत्या. वर्ध्याहून एक साहेब आले होते. आधी खुर्च्या भरल्या, मग सतरंजी, मग व्हरांडा, मग खिडक्या. सचिवांनी पंचनामा पुढं ठेवला. साहेबांनी वाचला, बाहेरची गर्दी पाहिली, आणि विचारलं, "हे पंच कोण?"

मी उभा राहिलो. "सही माझी हाये साहेब. केली तवा खोटी होती. काल संध्याकाळपासून खरी हाये. विचारा कोणालेई."

साहेबांनी कांदेवालीकडे बोट केलं. "तुम्हाला काय कळलं होतं?"

ती उठली आणि एका दमात म्हणाली. बाजार कुठं जाणार, इथं काय होणार, हरकत कधी सांगायची, नाही सांगितली तर काय समजणार. शेवटी म्हणाली, "तं माही हरकत हाये. लिवा." मग तिच्या मागचा, मग त्याच्या मागची. साहेबांनी प्रत्येकाला तेच विचारलं आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, वारासकट. लिहिता लिहिता साहेबांचं पेन संपलं, दुसरं मागवलं. ते आणून दिलं पंचायतीच्या बाईनंच. ती दाराशी उभी होती, चपराशी उभी राहते तशी. पूर्ण सुनावणीत ती एक शब्द बोलली नाही.

बाजार हलला नाही. गाळे बस थांब्यामागच्या पडीक जागेत बांधायचं ठरलं. चिंचेखाली मी अजून बसतो.

काही महिन्यांनी ती माझ्या दारात आली. हातात डबडं, काखेत गुंडाळी. तिनं नेहमीसारखं सांगितलं. ग्रामपंचायतीला शिपाई आणि सफाईचा माणूस पुरवायचा आहे, ठेक्यानं. ज्याला पुरवता येतो त्यानं पाकीट आणून द्यावं, मुदत अमुक.

मला समजायला थोडा वेळ लागला. "बाई, हे तं तुमचं काम हाये."

"हो."

"मंग तुमी काऊन सांगता? नका लावू. राहू द्या घरी."

तिला राग आला. तिचा राग मी तेव्हा एकदाच पाहिला. "बाजाराची नोटीस सांगतली, अन् माही दाबून ठेवू? मंग त्यांच्यात अन् माह्यात काय फरक राह्यला?" मग हळू म्हणाली, "चांगला ठेकेदार येऊ द्या, भाऊ. कोणाले समजलंच नाई तं एकच पाकीट येते. एकच पाकीट आलं की गावाचं वाटोळं होते."

मी पंचायतीत जाऊन अर्ज दिला, माझ्या हातानं लिहिलेला, तिसरीच्या अक्षरात. की आम्हाला हीच बाई पाहिजे. निविदेवर हरकत घेता येत नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, येत नसेल तर नसेल, ठप्पा मारा. ठप्पा मारेपर्यंत उभा राहिलो. तो कागद माझ्याजवळ आहे. त्याचं काही झालं नाही, पण तो आहे, आणि त्यात काय लिहिलं ते मी वाचलेलं आहे.

पाकिटं चार आली. काम ठेक्यात गेलं, आणि बाई आता सावंगीकडे लेकीजवळ राहते म्हणतात. मी गेलो नाही. जाईन.

पाकिटं फोडली त्या दिवशी मी तिथं होतो. तिनं चौघा ठेकेदारांना पाणी दिलं. ज्याला काम मिळालं त्याच्या माणसाला बाजूला घेऊन सांगत होती, की पंपघराचं कुलूप अडकतं, किल्ली आधी दाबायची मग फिरवायची; खालच्या गल्लीत पाणी शेवटी जातं, म्हणून तिकडचा कॉक आधी उघडायचा. तो हो हो करत मोबाईल पाहत होता. तिनं किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला आणि बाहेर निघाली. त्या दिवशी बाजार होता. तिच्या घराची वाट बाजाराच्या मागच्या अंगानं जाते, ती नेहमी तिथूनच जायची. त्या दिवशी ती टोपल्या आणि ताडपत्र्यांच्या मधून, भरल्या बाजारातून, रिकाम्या हातानं सरळ चालत गेली.