कोरड्या हौदातला सराव

हल्ली मी गारखेड्यातल्या नव्या इमारतींना पाणी टाकतो. दुष्काळात टँकर पिशोरकडं चालवायचो. तिथं चर्चचे पाळक घडवणारी छोटी सेमिनरी होती. बाप्तिस्म्याला माणूस पाण्यात कसा बुडवायचा, हे तिथले सर पोरांना कोरड्या हौदातच शिकवायचे. बुडणारा माणूस सर स्वतःच व्हायचे. चष्मा कुणाच्या तरी हातात द्यायचे, नाक दाबायचे आणि आडवे व्हायचे. मला लई हसू यायचं.

एका रविवारी खऱ्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी टँकर मागवला. मी पाइप हौदात सोडणार, तेवढ्यात फाटकाशी गावातल्या बाया घागरी घेऊन आल्या.

"आधी त्यांचं भरा," सर म्हणाले.

टँकर रिकामा झाला.

"सर, हौदाचं काय?"

"पुढच्या रविवारी बघू. तोवर पोरांचा हात बसंल."

पुढच्या रविवारी बाया आधीच फाटकाशी बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.